हिवाळ्यातील शेत आणि उपासकाचे सुख



गेल्या मार्गशीर्षात माझ्या वर्गातील एका मुलीची आई शाळेच्या ओट्यावर येऊन बसली. त्या कुटुंबाने सहा महिन्यांपूर्वीच धम्मदीक्षा घेतली होती. घरी दीड एकर कोरडवाहू रान. येळवस चार दिवसांवर आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, पांडवांची पूजा आम्ही सोडली. पण पोरं विचारत्यात, रानात जायचं का न्हाई? आंबील, भज्जी, उंडे करायचे का न्हाई? सासूबाई म्हणत्यात, देव सोडला तर जेवणबी सोडा. मी पोरांना काय सांगू?"

आमच्या सोलापूर जिल्ह्यात, तसेच धाराशिव आणि लातूरकडे, मार्गशीर्षातील अमावस्येला येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी गाव ओस पडते आणि रान भरते. कडब्याची खोप करून तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडतात, त्यांची पूजा करतात आणि मग सारे शेतातच जेवतात. पूजेचा भाग आपल्याला वर्ज्य आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला त्याविषयी शंका नसावी. परंतु जेवणाचे काय? उन्हाचे, शेकोटीचे, पोरांच्या हुंदडण्याचे काय?

मी तिला घाईत उत्तर दिले, "सोडून द्या सगळं." अमावस्येला शाळेला सुट्टी होती. काही कागद आणायला मी गेलो, तेव्हा तिची मुलगी शाळेच्या पायरीवर एकटी बसली होती. गावातील बाकी सारी पोरे रानात होती. मी तिला विचारले, "इथे काय करतेस?" ती म्हणाली, "आपल्यात जात नाहीत ना, गुरुजी."

'आपल्यात जात नाहीत.' हे शब्द माझ्या आजोबांच्या पिढीने ऐकले होते, ते विहिरीविषयी, देवळाविषयी आणि पंगतीविषयी. ते दुसऱ्यांनी आपल्याला ऐकवले होते. आज एक नवबौद्ध मुलगी ते स्वतःच्या तोंडाने म्हणत होती आणि ते तिला शिकवणारा मी होतो. हा लेख म्हणजे त्या घाईच्या उत्तराची दुरुस्ती आहे.

प्रथम आपण हे पाहू की, ज्याला आपण थंडीतले शेताचे सुख म्हणतो, त्यात असते तरी काय? पौषाच्या आसपास आमच्याकडे रब्बीची ज्वारी निसवून हुरड्याला येते. सकाळी पानांवर इतके दव असते की तासातून चालताना धोतर असो की पँट, गुडघ्यापर्यंत ओली होते. हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. त्याच्या पानांवरची आंब बोटांना लागते आणि बोट चाटले की तोंड आंबट होते. बांधावरच्या बोरीखाली पोरे वाकलेली असतात. जमिनीत लहानसा खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, धूर सरून आर पडला की त्यात कणसे खुपसायची, भाजलेले कणीस तळहातावर चोळायचे आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. तो हिरवा, गरम, गोडसर दाणा शेंगदाण्याच्या किंवा जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. पाठीवर कोवळे ऊन, पुढे आगटीची ऊब. एवढेच. याला पैका लागत नाही, पुरोहित लागत नाही, मुहूर्त लागत नाही. आता सांगा, यात धम्माच्या विरुद्ध काय आहे?

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, भगवान बुद्धांनी तर सारे जीवन दुःखमय सांगितले. उपासकाने सुखाच्या मागे कशाला लागावे? हा समज चुकीचा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या आरंभीच चार आर्यसत्यांच्या रूढ मांडणीविषयी शंका उपस्थित केली आहे, कारण त्या मांडणीने बुद्धाचा धम्म निराशावादी ठरतो. जो धम्म माणसाला निराश करतो, तो माणसाला उभे कसे करणार?

स्वतः तथागतांच्या आयुष्यातील एक प्रसंग ध्यानात घ्या. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात तो आला आहे. सहा वर्षे उग्र तप करून सिद्धार्थ गौतमाचे शरीर अस्थिपंजर झाले होते. हाती काही लागले नव्हते. तेव्हा त्याला लहानपणीची एक आठवण झाली. पिता शुद्धोदन शेतावरच्या कामात होता आणि आपण जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो. तेव्हा मन कसे शांत आणि प्रसन्न झाले होते! सिद्धार्थाने स्वतःला विचारले की, ज्या सुखात वासना नाही, ज्यात अकुशल काही नाही, त्या सुखाला मी का भ्यावे? त्याने उपवास सोडला, अन्न घेतले, आणि तेथून बोधीची वाट उघडली. म्हणजे मध्यम मार्गाकडे वळणारे पहिले पाऊल शेताच्या कडेला बालपणी अनुभवलेल्या एका साध्या सुखाच्या आठवणीने पडले आहे.

परंतु बंधूंनो, येथेच थांबलो तर आपण अर्धाच सिद्धार्थ पाहिला असे होईल. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात याच शेतावरचा दुसरा प्रसंगही दिला आहे. सिद्धार्थ मित्रांबरोबर पित्याच्या शेतावर गेला. तेथे मजूर नांगरीत होते, बांध घालीत होते, झाडे तोडीत होते. अंगावर पुरते वस्त्र नाही आणि वर रणरणते ऊन. ते पाहून तो कळवळला. त्याने मित्रांना विचारले की, एकाने राबावे आणि दुसऱ्याने त्याच्या श्रमाचे फळ खावे, हे योग्य कसे? मित्रांना उत्तर सुचले नाही.

झाडाखाली सुखाने बसणारा मुलगा आणि मजुरांकडे पाहून तो प्रश्न विचारणारा मुलगा, हे दोघे एकच आहेत. शेतही एकच आहे. माझ्या मते उपासकाच्या सुखाचा सारा विचार यात सामावला आहे. जो फक्त झाडाखाली बसतो, त्याचे सुख आंधळे. जो फक्त प्रश्न विचारतो आणि सुखाला भितो, तो एक दिवस सुकून जातो. आपल्याला दोन्ही पाहिजेत.

आता थंडीचाच एक प्रसंग सांगतो. तो अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात आहे. आळवी नगराजवळ शिंसपा वनात भगवान पानांच्या अंथरुणावर बसले होते. हत्थक नावाचा कुमार तेथून चालला होता. त्याने विचारले, भगवान, आपल्याला झोप सुखाची लागली काय? भगवान म्हणाले, होय, जगात जे सुखाने झोपतात त्यांपैकी मी एक आहे. कुमाराला नवल वाटले. हिवाळ्याची रात्र, हिमपाताचे दिवस, गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली जमीन, पानांचे अंथरूण पातळ, चीवर थंड आणि वारा बोचरा. अशात सुखाची झोप कशी? तेव्हा भगवानांनी त्याला उलट विचारले की, बंद खिडक्यांच्या वाड्यात मऊ गादीवर पडलेला गृहस्थ लोभाने, द्वेषाने, मोहाने आतून पोळत असेल, तर त्याला झोप येईल काय? कुमार म्हणाला, येणार नाही. तथागतांनी ती आग मुळासकट विझवली होती. म्हणून त्यांना झोप लागत होती.

ही कथा सुंदर आहे, पण तिचा दुरुपयोग होऊ शकतो. कोणी मालक उद्या मजुराला म्हणेल, बघ, तुझे बुद्ध पाल्यावर झोपत. तूही कोपीत समाधान मान. 'ठेविले तैसे राहावे' हा उपदेश आपल्या पूर्वजांना शतकानुशतके ऐकवला गेला आहे आणि तो ऐकवणारे स्वतः मात्र उबेत होते. म्हणून हा भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. तथागतांनी राजवाडा स्वतः सोडला होता. पाल्याचे अंथरूण त्यांनी स्वतः निवडले होते. ज्याला निवड नाही, त्याच्या सोसण्याला संतुष्टी म्हणत नाहीत, लाचारी म्हणतात. संतुष्टी स्वतंत्र माणसाचा गुण आहे. गुलामाला तो शिकवायचा नसतो. गुलामाला आधी मोकळे करायचे असते.

आणि गृहस्थाला भगवानांनी पाल्यावर झोपायला सांगितलेच नाही. अनाथपिंडिकाला त्यांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. पहिले अत्थिसुख: मनगटाच्या बळावर, घाम गाळून, न्यायाने मिळवलेले आपल्याजवळ काही आहे याचे सुख. दुसरे भोगसुख: ते उपभोगण्याचे आणि त्यातून सत्कृत्ये करण्याचे सुख. तिसरे अनणसुख: कोणाचे लहानमोठे ऋण आपल्या डोक्यावर नाही याचे सुख. चौथे अनवज्जसुख: काया, वाचा आणि मन यांनी आपण निर्दोष आहोत याचे सुख. आणि पहिली तीन सुखे या चौथ्याच्या सोळाव्या अंशालाही येत नाहीत, असेही त्यांनी सांगितले. या चार सुखांचा गज घेऊन आपण हिवाळ्यातले शेत मोजून पाहू.

आमच्या शाळेजवळच्या ओढ्यापलीकडे साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. पहाटे, जेव्हा तुम्ही-आम्ही वाकळ डोक्यावरून ओढून घेतो, तेव्हा ही माणसे फडात वाकलेली असतात. उसाचे पाचट दवाने ओले असते आणि ते हाताला कापते. त्यांची मुले काही दिवस माझ्या वर्गात येतात. तान्हे भावंड सांभाळायचे असेल त्या दिवशी येत नाहीत. ही माणसेही शेतातच असतात. थंडीही तीच. तीही शेकोटी पेटवतात आणि तिच्याभोवती कधीमधी हसतात, गातात. त्यांचे हसणे खोटे नसते. परंतु तेथे अत्थिसुख नाही, कारण ऊस दुसऱ्याचा. अनणसुख नाही, कारण उचल डोक्यावर. मग त्या शेकोटीकडे बोट दाखवून 'गरीब किती सुखी असतो' असे म्हणणारा माणूस एक तर अडाणी आहे, नाही तर लबाड.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो; ती याच मुद्द्याची आहे. माझे वडील हुरडा खात नाहीत. लहानपणी ते एका मोठ्या शेतकऱ्याच्या रानात राखणीला असत. दिवसभर माळ्यावर उभे राहून गोफणीने पाखरे हाकायची आणि रात्री तेथेच पडायचे. हुरड्याच्या दिवसांत मालकाचे पाहुणे येत. गोवऱ्या हा पोरगा आणी, आगटी हा पेटवी, कणसे हा खुडी. मंडळींचे खाऊन झाले की उरलेला हुरडा त्याच्या पसरलेल्या पटकुरात वरून टाकला जाई. हाताला हात लागू नये म्हणून. वडील आज म्हातारे झाले आहेत. आमच्या वाट्याला आलेल्या तुकड्यात मी ज्वारी पेरतो. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने त्यांना आगटीजवळ बसवले आणि हुरडा पुढे केला. ते म्हणाले, "तू खा लेकरा. मला जात न्हाई." आणि उठून नेहमीच्या सवयीने चार हात लांब जाऊन बसले.

त्या दिवशी मला कळले की दाणा तोच, आर तोच, थंडी तीच. पण जे हातावर न देता वरून टाकले जाते, ते सुख होत नाही. पन्नास-साठ वर्षांनंतरही ते घशात अडकते.

तो तुकडा कसा आला, हेही नव्या दीक्षितांनी समजून घ्यावे. तो महार वतनाचा आहे. त्या मूठभर जमिनीच्या बदल्यात घराण्याने रात्रंदिवस सरकारी आणि गावकीची कामे करायची, असा तो वतनाचा पाश होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात या वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. पुढे कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला आणि चाकरी संपून जमीन भोगवट्याने परत मिळण्याची वाट मोकळी झाली. ज्यांच्याकडे तेवढीही नव्हती, त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याही हिवाळ्यात हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. आपल्या बांधावर बसून आपल्या हाताने चोळलेला हुरडा खाणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नाही. तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

कोणी विचारील, बाबासाहेबांनी तर खेड्याचा धिक्कार केला. मग तुम्ही शेताचे गोडवे कसे गाता? होय, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याचे वाभाडे काढले. परंतु कशाचे? तेथील संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे. मातीचे नव्हे, ज्वारीचे नव्हे, उन्हाचे नव्हे. उलट १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग असावा आणि ती सामुदायिक पद्धतीने, जातिपंथाचा भेद न करता कसली जावी, अशी मागणी केली होती. हेतू हा की कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ राहू नये आणि कोणी भूमिहीन मजूर राहू नये. गावकुसाबाहेरचा अपमान आपण टाकून द्यायचा आहे. त्याबरोबर ऊन, दव आणि आगटीही टाकून दिली तर ज्यांनी आपल्याला त्यांपासून लांब ठेवले, त्यांचेच काम आपण पूर्ण करू.

मग उपासकाने काय करावे? मला चार गोष्टी सुचतात.

पहिली, पूजा सोडा, रान सोडू नका. पाच दगडांपुढे हात जोडू नका, पण पोरांना घेऊन शेतात जा. ती ज्वारी दगडांनी दिलेली नाही. तुमच्या श्रमाने, बैलाच्या श्रमाने आणि परतीच्या पावसाच्या ओलीने दिलेली आहे. हे पोरांना रानातच, कणीस हातात देऊन शिकवा. जेवणापूर्वी त्रिशरण-पंचशील घ्या.

दुसरी, आगटीभोवती दारू येऊ देऊ नका. अलीकडे हुरड्याच्या नावाखाली बाटल्या उघडण्याची चाल पडली आहे. पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील दारू न पिण्याची प्रतिज्ञा शेताच्या बांधाशी संपत नाही. ज्या सुखासाठी शुद्ध हरपावी लागते, ते अनवज्ज कसे?

तिसरी, ऋण काढून सुख साजरे करू नका. आंबील, भज्जी आणि दोन भाकरी यांना सावकार लागत नाही. या सुखाचा मोठेपणाच हा की ते स्वस्त आहे. शेजाऱ्याने मंडप घातला म्हणून तुम्ही घालू नका.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची: आपल्या शेकोटीभोवती कोण बसले आहे आणि कोण लांब उभे आहे, हे पाहा. आज आपल्यापैकी काही जण मजूर लावतात. आपल्या रानात खुरपणीला आलेली बाई, बोअरचे पाणी रात्री धरणारा गडी, ओढ्यापलीकडच्या कोपीतले पोर, यांना आपण हुरडा हातात देतो की वरून टाकतो? गोवऱ्या त्याने आणायच्या आणि कणसे आपण खायची, असे जर आपल्याच शेतात होत असेल, तर आपण फक्त मालक बदलला, धम्म घेतला नाही. सिद्धार्थाने आपल्या बापाच्याच शेतावर तो प्रश्न विचारला होता, शेजाऱ्याच्या नव्हे.

आणि ज्यांना अजून एक गुंठाही जमीन नाही, त्यांना मी काय सांगू? त्यांना मी 'समाधान माना' असे सांगणार नाही. उन्हाची तिरीप आणि शेकोटीची ऊब यांवर त्यांचा हक्क माझ्याइतकाच आहे. ते सुख त्यांनी निःसंकोच घ्यावे आणि त्याबद्दल कोणाचे उपकार मानू नयेत. पण उचलीचा हिशेब लिहून ठेवावा, पोराला हंगामात शाळेतून काढू नये आणि संघटना सोडू नये. साधे सुख लढ्याच्या आड येत नाही. दिवसभर लढणाऱ्याला रात्री शेकावे लागतेच.

ही येळवस येण्याआधी मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिच्या आईला सांगितले, "बाई, मी तुम्हाला चुकीचे सांगितले होते." तिने चहा ठेवला आणि विचारले, "मग जायचं रानात?" मी म्हणालो, "जायचं. दगड मांडायचे नाहीत, एवढंच." पलीकडे बसलेल्या सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "दगड न्हाईत तर मग आंबील कुणाला दाखवायची पहिली?" मुलगीच म्हणाली, "आजी, तुला."

माझे वडील अजून हुरडा खात नाहीत. मी आग्रह करीत नाही. पण यंदा कोपीतली तीन पोरे आमच्या बांधावर आली, तेव्हा वडील आपणहून आगटीजवळ सरकले. त्यांनी कणसे आरात फिरवली, तळहातावर चोळली, फुंकर मारली आणि एकेकाचा हात आपल्या हातात धरून त्यावर दाणे ठेवले.

उपासक हो, या हिवाळ्यात तुमच्या आगटीभोवतीही असेच होवो.

जय भीम!